हॉलमध्ये थांबलेली माणसं

साल १९८०. मी अकरा वर्षांची होते. आई पुण्यातल्या एका डॉक्टरांच्या बंगल्यावर धुणंभांडी आणि केरफरशी करायची. शाळेला सुट्टी असली की मीही तिच्याबरोबर जायचे आणि मागच्या अंगणात, मोरीजवळच्या पायरीवर बसून राहायचे. डॉक्टरांच्या मुलांची वाचून झालेली पुस्तकं कधीमधी माझ्या हाती पडत. त्यातलंच एक होतं सोप्या इंग्रजीतलं, चित्रांचं ‘डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड’. चित्रं बघत, बाईंना शब्द विचारत मी ते कसंबसं पुरं केलं आणि एका संध्याकाळी, आई मेथी निवडत असताना, तिला ती गोष्ट सांगितली. एक सज्जन डॉक्टर औषध पितो, त्याचा एक दुष्ट माणूस होतो, तो खून करतो आणि शेवटी बंद खोलीत मरून पडतो.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “आणि घरातली कामाची माणसं? डॉक्टर मेल्यावर त्यांचा पगार कुणी दिला?”

माझ्या पुस्तकात ते नव्हतं. या प्रश्नाचा मी चाळीस वर्षं शोध घेत होते, असं म्हटलं तर ते खोटं होईल. मधली पंचवीस-तीस वर्षं मी तो विसरूनच गेले होते. सहकारी बँकेतली कारकुनी, संसार, मुलांच्या परीक्षा. इंग्रजी वाचायला लागले ती पस्तिशीनंतर, शब्दकोश मांडीवर घेऊन. मूळ कादंबरी हाती आली तेव्हा पहिल्या वाचनातच आईचा प्रश्न वर आला आणि त्याच्या मागोमाग बरंच काही. मी विद्यापीठातली अभ्यासक नाही, त्यामुळे सिद्धान्तांच्या भाषेत बोलता येणार नाही. ही गोष्ट कुणाकुणाच्या हातून गेली आणि तिच्यातली नोकरमाणसं कुठं राहिली, एवढंच सांगणार आहे.

गोष्ट कुणाच्या तोंडून

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ही छोटी कादंबरी जानेवारी १८८६ मध्ये लंडनच्या लाँगमन्स या प्रकाशनसंस्थेनं काढली. किंमत एक शिलिंग. पहिल्या सहा महिन्यांत ब्रिटनमध्ये सुमारे ४०,००० प्रती खपल्या. जेकिल आणि हाइड हे एकच, हे आज शाळकरी पोरालाही माहीत असतं. त्यामुळे पहिल्या वाचकांसाठी ती रहस्यकथा होती हे आपण विसरतो. रहस्य उलगडतं ते थेट शेवटी.

आणि ते उलगडणारे सगळे प्रतिष्ठित पुरुष आहेत. वकील अटरसन, त्याचा नातलग एन्फील्ड, डॉक्टर लॅन्यन आणि स्वतः जेकिल. यांच्यापैकी कुणाच्या घरात बायको दिसत नाही. गुपित एकाकडून दुसऱ्याकडे जातं ते लाखेची मोहोर लावलेल्या लिफाफ्यांतून, आणि ते लिफाफे तिजोरीत पडून राहतात. अमुक माणूस मेल्याशिवाय उघडू नये, अशी त्यावर सूचना. एका अर्थी ही सगळी कादंबरी म्हणजे सभ्य गृहस्थांनी एकमेकांची अब्रू सांभाळण्याची हकिगत आहे.

बाया आहेत, पण कडेकडेनं. पहाटे तीन वाजता एक आठ-दहा वर्षांची मुलगी डॉक्टरला बोलवायला धावत निघालेली असते. हाइड तिला तुडवून पुढे जातो. एक मोलकरीण रात्री अकराच्या सुमाराला खिडकीशी बसून चांदणं बघत असते. तिच्या डोळ्यांदेखत हाइड सर डॅनव्हर्स कॅरू या खासदाराला काठीनं मारून टाकतो. सोहोतल्या हाइडच्या घराची देखभाल करणारी एक म्हातारी आहे. हाइड अडचणीत आलाय हे कळताच तिचा चेहरा खुलतो. रस्त्यात काड्यापेटी पुढे करणारी एक बाई आहे, तिच्या तोंडावर हाइड फटका मारतो. जेकिलच्या घरी स्वयंपाकीण आहे, घरकामाची मोलकरीण आहे. सबंध पुस्तकात यांतल्या एकीलाही नाव नाही.

नाव नाही, पण किंमत आहे. तुडवलेल्या मुलीच्या घरच्यांना हाइड शंभर पौंड देतो: दहा पौंड सोन्याच्या नाण्यांत आणि बाकीचा कूट्स बँकेचा चेक. मी कारकून असल्यामुळे असेल, पण या आकड्यावर मी अडखळले. मिसेस बीटन यांचं घरव्यवस्थापनावरचं प्रसिद्ध पुस्तक १८६१ चं. त्यात घरकामाच्या मोलकरणीचा पगार वर्षाला १२ ते २० पौंड दिला आहे. म्हणजे त्या मुलीच्या अंगावरून जाण्याची किंमत झाली एका मोलकरणीचा पाच ते आठ वर्षांचा पगार. त्या रकमेचं घरच्यांनी काय केलं, मुलगी पुढे नीट चालू लागली का, आणि ज्या आजारी माणसासाठी ती डॉक्टर शोधत होती त्याचं काय झालं, हे आपल्याला कळत नाही. एन्फील्डला कुतूहल असतं ते चेकवरच्या सहीचं.

ज्यांना आधी कळतं

कादंबरीतलं मला सर्वांत जवळचं प्रकरण म्हणजे ‘शेवटची रात्र’. मार्च महिना, सोसाट्याचा वारा. जेकिलचा बटलर पूल वकिलाच्या घरी येतो. वीस वर्षं त्यानं त्या घरात चाकरी केली आहे. तो म्हणतो, घरात काहीतरी भयंकर घडलंय, तुम्ही चला. वकील घरात शिरतो तेव्हा हॉलमध्ये पेटलेल्या शेगडीभोवती सगळे नोकर, बाया आणि पुरुष, एकमेकांना बिलगून उभे असतात. स्टीव्हन्सन त्यांना मेंढरांच्या कळपाची उपमा देतो. मोलकरीण मोठ्यानं रडू लागते आणि पूल तिला गप्प बसवतो. वकिलाची पहिली प्रतिक्रिया काय? सगळे इथं का जमलात, हे शिस्तीला धरून नाही, तुमच्या मालकांना आवडणार नाही!

पण पुढच्या पानांत कोणाला काय कळतं ते पाहा. बंद दाराआडचा आवाज मालकाचा नाही, हे पूलनं ओळखलंय. आतल्या माणसाची चाल मालकाची नाही, उंची मालकाची नाही. रोज जिन्यावर टाकलेल्या चिठ्ठ्या घेऊन तोच गावभरच्या औषधवाल्यांकडे धावलाय. जेवणाची ताटं दाराशी ठेवली जातात आणि कुणी बघत नसताना आत ओढली जातात, हेही त्याला माहीत आहे. आतला माणूस रडताना त्यानं ऐकलाय. सुशिक्षित वकील यावर तर्क लढवतो की मालकांना काहीतरी आजार झाला असेल, त्यानं आवाज बदलला असेल. पूल ठाम राहतो. त्याचा निष्कर्ष पुरता बरोबर नाही, कारण मालकाचा खून झालाय असं त्याला वाटतं. पण आत जेकिल नाही, हाइड आहे, हे तो बरोबर सांगतो. दारावर कुऱ्हाड चालवतो तोही पूलच.

हे ज्ञान पुस्तकातून आलेलं नाही. ताट नेणाऱ्या, चिठ्ठ्या उचलणाऱ्या, वीस वर्षं त्याच जिन्यावरची पावलं ऐकणाऱ्या माणसाचं ते ज्ञान आहे. आईला डॉक्टरांच्या चपलांच्या आवाजावरून कळायचं, आज साहेबांच्या समोर जायचं की नाही. मला ती नुसती हातानं खूण करायची आणि मी पायरीवरून उठून पेरूच्या झाडामागे जायचे.

मग हे लोक आधी का बोलले नाहीत? सोडून का गेले नाहीत? याचं उत्तर भित्रेपणात नाही, नोकरीच्या अटींत आहे. १८८१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये घरकाम करणाऱ्या बाया बारा लाखांहून अधिक होत्या. एक घर सोडून दुसरं धरायचं तर आधीच्या मालकाचं शिफारसपत्र लागे. त्याला म्हणत ‘कॅरॅक्टर’. खोटं शिफारसपत्र देणं हा १७९२ च्या कायद्यानं गुन्हा होता, पण खरं शिफारसपत्र द्यायलाच हवं असं बंधन मालकावर नव्हतं. म्हणजे बाईचं चारित्र्य मालकाच्या टेबलाच्या खणात. आपल्याकडच्या साहेबांच्या बंगल्यांवरही तीच रीत होती. आया, बटलर, खानसामे जुन्या साहेबांच्या चिठ्ठ्या जपून ठेवत. आपल्या ‘चिठ्ठी’चाच इंग्रजांनी ‘चिट’ केला. जेकिल औषध पीत होता तोही आपलं ‘कॅरॅक्टर’ शाबूत ठेवण्यासाठीच. फरक एवढाच की त्याला दुसरं शरीर धारण करता येत होतं, मोलकरणीला दुसरी चिठ्ठी मिळत नव्हती.

दार फोडल्यावर आत हाइडचं प्रेत सापडतं. वकील कागदपत्रं उचलतो आणि पूलला सांगतो की मी घरी जाऊन हे शांतपणे वाचतो, मध्यरात्रीच्या आत परत येतो, मग पोलिसांना बोलवू. नोकरांना हॉलमधल्या शेगडीपाशी तसंच ठेवून तो निघून जातो. त्यानंतर लॅन्यनचं पत्र, जेकिलची कबुली, आणि पुस्तक संपतं. वकील परत आल्याचं आपण वाचत नाही. १८८६ पासून ती माणसं त्या हॉलमध्ये थांबलेली आहेत.

गोष्ट दिली कुणी

स्टीव्हन्सनला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. पूलला बरोबर ठरवणारा तोच आहे. शिवाय त्याच्या भयकथांचा उगम शोधत गेलं की आपण एका नोकर बाईपाशीच पोचतो.

तिचं नाव ॲलिसन कनिंगहॅम. एडिंबरोच्या या आजारी मुलाला सांभाळायला ती आली तेव्हा तो दीड वर्षाचा होता. खोकल्यानं रात्र रात्र झोप लागायची नाही आणि ती उशाशी बसून बायबल वाचायची, धर्मासाठी छळ सोसलेल्या स्कॉटिश माणसांच्या हकिगती सांगायची, भुताखेतांच्या आणि नरकाच्याही. ‘कमी’ हे त्यानं तिला दिलेलं लाडाचं नाव. १८८५ मध्ये लहान मुलांसाठीचा कवितासंग्रह निघाला तो त्यानं तिलाच अर्पण केला. त्याच्या खोलीत एक कपाट होतं, विल्यम ब्रोडी नावाच्या सुताराच्या हातचं. हा ब्रोडी दिवसा एडिंबरोचा प्रतिष्ठित नगरसेवक आणि रात्री घरफोड्या करणारा. १७८८ मध्ये त्याला फाशी झाली. स्टीव्हन्सननं पुढे डब्ल्यू. ई. हेन्ली यांच्याबरोबर ब्रोडीवर नाटक लिहिलं. हाइडच्या आधीचा हा हाइड, आणि तो त्याला भेटला दाईच्या राज्यात, निजायच्या खोलीत.

दुसरी गोष्ट याहून विलक्षण. १८८८ मध्ये स्टीव्हन्सननं स्वप्नांवर एक निबंध लिहिला. हाइडच्या कथेतले काही प्रसंग आपल्याला स्वप्नात दिसले, असं त्यात सांगून तो याचं श्रेय देतो ‘ब्राउनीं’ना. स्कॉटिश लोककथांत ब्राउनी म्हणजे घरातला छोटा अदृश्य जीव. रात्री सगळे झोपले की तो येऊन झाडलोट करतो, दळणकांडण करतो, आणि वाटीभर दूध-सायीवर खूश असतो. त्याला कपड्यांचा जोड बक्षीस दिला तर मात्र घर सोडून जातो. आपलं अर्धं काम हे अदृश्य नोकरच करतात, आणि नाव मात्र माझं होतं, अशा अर्थाचं तो गमतीनं लिहितो. मला ते गमतीचं वाटलं नाही. ज्या लेखकानं मनातल्या नोकरांचं श्रेय इतक्या मोकळेपणी मान्य केलं, त्याच्या कादंबरीतल्या मोलकरणीला नाव सुचू नये?

शंभर वर्षांनी एक मोलकरीण

पुस्तकानंतर पुढच्याच वर्षी गोष्ट रंगमंचावर गेली. १८८७ मध्ये बोस्टनला रिचर्ड मॅन्सफील्ड या नटानं दोन्ही भूमिका केल्या. नाटकात जेकिलला वाग्दत्त वधू मिळाली, आणि पुढच्या प्रयोगांचा तो साचाच झाला. १९३१ च्या चित्रपटात फ्रेडरिक मार्चला ऑस्कर मिळालं, १९४१ मध्ये स्पेन्सर ट्रेसी आला. जेकिलसाठी कुलीन वधू, हाइडसाठी वस्तीतली बाई, ही वाटणी त्यात पक्की झाली. आपल्याकडे संजीव कुमारनं १९८१ मध्ये ‘चेहरे पे चेहरा’ केला. बाया वाढल्या, पण त्या त्याच्या प्रेमासाठी किंवा त्याच्या छळासाठी. घर झाडणारी बाई अजून कडेलाच होती.

ती मध्यभागी आली १९९० मध्ये. व्हॅलरी मार्टिन या अमेरिकन लेखिकेनं ‘मेरी रायली’ ही कादंबरी लिहिली. सांगणारी आहे जेकिलच्या घरातली मोलकरीण मेरी, आणि सगळी गोष्ट तिच्या रोजनिशीच्या रूपात. मेरीच्या हातांवर आणि मानेवर व्रण आहेत. लहानपणी दारुड्या बापानं तिला कपाटात कोंडून आत उंदीर सोडला होता. जेकिलला ते व्रण दिसतात. त्याला कुतूहल वाटतं. तो तिला म्हणतो, काय झालं ते लिहून काढ.

या कादंबरीत राक्षस फारसा दिसत नाही. दिसतात त्या जिन्याच्या पायऱ्या, राखेच्या बादल्या, घासलेली पितळी भांडी, मागच्या चौकात मेरीनं हट्टानं लावलेली रोपं. घरात एक नवा ‘मदतनीस’ येतो, त्याची पावलं रात्री वाजतात आणि सकाळी त्याच्या खुणा मेरी पुसते. मालक तिला सोहोतल्या घरी चिठ्ठी घेऊन पाठवतो, ती जाते. तिथं काय चालतं याचा अंदाज येऊनही जाते. मूळ कादंबरीतलं भय असं की एका माणसात दोन माणसं आहेत. मेरीचं भय वेगळं. दोन्ही माणसं एकाच घरात राहतात आणि दोघांचीही शेगडी तिलाच पेटवायची आहे. हाइडला पाहून वकिलाला शिसारी येते, कारण त्यानं असा माणूस जवळून पाहिलेला नाही. मेरीला तो ओळखीचा वाटतो, कारण ती बापाच्या घरून आली आहे. तिला खरा धक्का बसतो तो जेकिलच्या चांगुलपणाचा, आणि त्या चांगुलपणाला ती चिकटून राहते. हे मला फार खरं वाटलं. आमच्या डॉक्टरांनी माझ्या शाळेची फी दोनदा भरली होती. आई ते कधी विसरली नाही, आणि म्हणूनच बाकीचं कधी बोलली नाही.

स्टीफन फ्रिअर्स यांनी १९९६ मध्ये यावर चित्रपट केला. ज्युलिया रॉबर्ट्स मेरी झाली. तो पडला. कादंबरी मात्र टिकली.

मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) शर्मिष्ठा बोलते, ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) वृषाली बोलते, इरावतीबाईंनी ‘युगान्त’मध्ये महाभारतातल्या माणसांना नव्यानं उभं केलं. पण शर्मिष्ठा दासी झाली तरी राजकन्याच. जन्मानं दासी असलेली कोण बोलली? महाभारतातच एक आहे. व्यासांचं उग्र रूप पाहून अंबिकेनं डोळे मिटले, अंबालिका पांढरीफटक पडली. पुन्हा जायची वेळ आली तेव्हा अंबिकेनं आपल्याऐवजी दासीला पाठवलं. ती घाबरली नाही, आणि तिला विदुर झाला. राण्या भ्यायल्या, दासी भ्यायली नाही. मेंढरांच्या कळपाची उपमा देणाऱ्याला आपल्या व्यासांनी आधीच उत्तर देऊन ठेवलंय. पण त्यांनीही तिचं नाव सांगितलेलं नाही.

लेखणी कुणाच्या हातात

‘मेरी रायली’ वाचून झाल्यावर मला एक शंका छळू लागली. व्हिक्टोरियन काळातली मोलकरीण खरंच रोजनिशी लिहील का? की ही लेखिकेची सोय?

एकीनं लिहिली होती. हॅना कलविक, जन्म १८३३, आठव्या वर्षापासून चाकरीत. १८५४ मध्ये तिची लंडनमध्ये आर्थर मन्बी या गृहस्थाशी गाठ पडली. तो वकिलीचं शिक्षण घेतलेला, सरकारी कचेरीत नोकरी करणारा, कविता लिहिणारा. त्याला कष्टकरी बायांच्या जीवनाचं विलक्षण आकर्षण होतं. त्याच्या सांगण्यावरून हॅना रोजनिशी लिहू लागली. किती बूट पुसले, कोणत्या शेगड्या सारवल्या, किती पायऱ्या घासल्या, सगळं. १८७३ मध्ये दोघांनी गुपचूप लग्न केलं. लग्नानंतरही ती त्याच्याच बिऱ्हाडात मोलकरीण म्हणून वावरायची आणि पाहुणे आले की त्यांना चहा द्यायची. मन्बीनं आपले कागद केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या स्वाधीन केले आणि ती पेटी १९५० मध्ये उघडली गेली. दुहेरी आयुष्य जगणारा लंडनचा सभ्य गृहस्थ आणि त्याच्या सांगण्यावरून लिहिणारी मोलकरीण! ही जोडी स्टीव्हन्सनच्या हयातीत लंडनमध्ये होती. पण हॅनाची रोजनिशी वाचताना हेही विसरता येत नाही की ती एका वाचकासाठी लिहिली गेली, आणि तो वाचक मालक होता.

दुसरं उदाहरण आपल्या मुलखातलं. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर १८६५-६६ च्या हिवाळ्यात दख्खनच्या दौऱ्यावर निघाले. बरोबर त्यांची तरुण मुलगी मेरी होती आणि तिच्या सोबतीला आया, ॲना लिबेराटा डिसूझा. वाटेतल्या मुक्कामांत ॲनानं आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी मेरीला सांगितल्या. मेरीनं त्या टिपून घेतल्या आणि १८६८ मध्ये लंडनमध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक निघालं. त्यात राक्षसांच्या गोष्टी आहेत. दारात अडकून राहिलेलं राक्षसाचं नख हातात घुसून निपचित पडणारी सूर्याबाई आहे. ‘जेकिल’च्या अठरा वर्षं आधी एका आयेच्या तोंडची भयकथा लंडनच्या बाजारात होती.

पण या पुस्तकाचं मोल मला वाटतं ते दुसऱ्याच पानांसाठी. सुरुवातीला ॲनाची स्वतःची कहाणी आहे, तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीची ठेवण राखून छापलेली. घराण्याचं मूळ, धर्मांतर, आजीचा दरारा, विसाव्या वर्षी आलेलं वैधव्य, दोन मुलांना वाढवण्यासाठी धरलेली चाकरी, हे सगळं ती सांगते. गोष्टी सांगणारी बाई स्वतः कोण, हे विचारण्याचं सौजन्य मेरी फ्रिअरनं दाखवलं. तरीही लेखणी गव्हर्नरच्या मुलीच्या हातात होती, हे आहेच. आया काय बोलली हे आपल्याला कळतं. त्या तंबूत ती काय बोलली नाही, हे कळायला मार्ग नाही.

हॅनाचा वाचक मालक, ॲनाची लेखनिक मालकीण, मेरी रायलीची निर्माती शंभर वर्षांनंतरची परदेशी लेखिका. नोकराच्या बाजूनं सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीत कुणीतरी तिसरा बसलेला आहे. व्हॅलरी मार्टिनला हे जाणवलं असावं असं मला वाटतं, कारण २००३ मध्ये तिनं गुलामगिरीवर ‘प्रॉपर्टी’ ही कादंबरी लिहिली तेव्हा निवेदन गुलाम बाईला दिलं नाही, मालकिणीला दिलं. सेरा नावाची गुलाम बाई त्यात जवळजवळ गप्प असते. वाचकाला तिचं मन ओळखावं लागतं ते मालकिणीच्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून. तिला ऑरेंज पारितोषिक मिळालं ते याच कादंबरीसाठी.

माझ्याही बाबतीत तिसरी व्यक्ती आहे, आणि ती मी. काही वर्षांपूर्वी मी आईला म्हटलं, तू त्या बंगल्यावर एकोणीस वर्षं होतीस, सांग ना, मी लिहून घेते. नावं बदलीन. ती म्हणाली, “नावं बदललीस तरी लोक ओळखतील. आणि कुणी ओळखणारच नसेल, तर लिहून उपयोग काय?” यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. म्हणून हा लेख जेकिलच्या घराबद्दल आहे, त्या बंगल्याबद्दल नाही.

राहिला तिचा जुना प्रश्न. त्याचं उत्तर मूळ कादंबरीतच आहे, फक्त माझ्या चित्रांच्या पुस्तकातून ते गाळलेलं होतं. जेकिलच्या मृत्युपत्रात सगळी मालमत्ता हाइडला दिलेली असते आणि हाइडवर एकच बंधन असतं: घरातल्या नोकरमाणसांना काही किरकोळ रकमा द्याव्यात. शेवटच्या रात्री टेबलावर जे नवं मृत्युपत्र सापडतं ते त्याच मजकुराचं, फक्त हाइडच्या जागी वकिलाचं नाव. म्हणजे पैसे वकिलानं दिले असणार.

आमचे डॉक्टर १९९१ मध्ये गेले. मुलांनी बंगला विकला. आईला एका महिन्याचा पगार आणि दोन साड्या मिळाल्या. एक साडी तिनं मला दिली.

गेल्या दिवाळीत फराळाची भाजणी भाजत बसले असताना मी तिला सांगितलं, तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. मृत्युपत्रात सोय होती, वकिलानं पैसे दिले. तिनं चष्मा वर केला.

“किती?”

“किरकोळ रकमा, एवढंच लिहिलंय. आकडा नाही.”

“हं,” ती म्हणाली, आणि गॅस बारीक कर म्हणून मला खूण केली.